मास्तरांचा पुठ्ठा

नाताळच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेच्या आवारात पिक्चर लावायचा आणि आलोशियस मास्तरांनी पुठ्ठा धरायचा, ही गावाची वीस वर्षांची रीत. त्याच दुपारी खिडक्या लावून मास्तर सगळा पिक्चर आधी बघून घेत आणि सहकुटुंब बघण्याजोगं नसेल ते वहीत टिपत. संध्याकाळी ती जागा आली की प्रोजेक्टरच्या भिंगापुढे पुठ्ठा. पडदा काळा, गाणं चालू, पोरांच्या शिट्ट्या. न दिसलेल्या गाण्यात पोरांना भलतंच काही दिसायचं, पण हे मास्तरांना सांगणार कोण?

एकोणऐंशी साली लावलेला पिक्चर म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. नाताळचा म्हणून आणलेला. गाणी चौदा, गोष्ट अर्धी, बर्फ कापसाचा. चार-पाच वर्षं कुठंतरी डब्यात पडून होता, आणि तिथंच राहिला असता तर कुणाचं बिघडलं नसतं. विरारहून प्रोजेक्टर घेऊन आलेला रुडॉल्फ दुपारी दुसऱ्याच रिळाला घोरू लागला. मास्तरही पेंगत होते. तेवढ्यात अकरावं गाणं लागलं, आणि नायिकेच्या मागे, दुसऱ्या ओळीत, लाल झग्यात पॉलिन नाचत होती.

पॉलिन त्यांची एकुलती एक मुलगी. सिनेमात नाचायला मुंबईला गेली, तेव्हा मास्तरांनी तिला घर बंद केलं. एका नाताळला ती वेशीवरच्या क्रुसापर्यंत आली होती. तिथूनच त्यांनी तिला परत पाठवलं. पुढच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. घरी आली ती पेटीतून.

आता ती हसत होती. गालावरची खळी तीच. बंद खोलीत मास्तरांना वाटलं, ही आता खाली उतरेल आणि विचारेल, बाबा, आता येऊ का आत?

हिल्डाबाईंनी, त्यांच्या बायकोनं, चार वर्षांत पॉलिनचं नाव काढलं नव्हतं. धरलेली खपली उगाच निघायला नको, असं मास्तरांनी मनाला सांगितलं. खरं म्हणजे भीती त्यांची स्वतःची होती. त्यांनी वहीत लिहिलं, 'अकरावं गाणं. सहकुटुंब योग्य नाही.'

संध्याकाळी हिल्डाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. चार वर्षांत पिक्चरला त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. अकरावं गाणं लागताच मास्तरांनी पुठ्ठा धरला. पुठ्ठ्यावर प्रकाशाचा पुसट गोळा पडला, त्यात एक लाल ठिपका त्यांच्या अंगठ्यापाशी हलत राहिला. तो त्यांना बघवेना, आणि नजरही काढवेना.

पहिल्या रांगेतून हिल्डाबाई उठल्या आणि माणसांतून वाट काढत त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मग हळू आवाजात सांगू लागल्या. पॉलिनची पत्रं हिल्डाबाईंच्या बहिणीच्या, एमिलीच्या पत्त्यावर येत होती. शेवटच्या पत्रात तिनं या पिक्चरचं नाव कळवलं होतं, लाल झगा कळवला होता, आणि लिहिलं होतं की गाण्याच्या शेवटी मी हात हलवते, तो आई तुला. तेव्हापासून त्या याच पिक्चरची वाट बघत होत्या.

"घरात येऊ दिली नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "आता पडद्यावर पण नको?"

तोवर गाणं संपलं होतं. मास्तरांनी पुठ्ठा खाली टाकला आणि रुडॉल्फला रीळ मागं घ्यायला सांगितलं. असला पिक्चर दोनदा, म्हणून माणसं कुरकुरली. तेव्हा मास्तर वर्गातल्या आवाजात म्हणाले, "गाणं परत लागेल. माझी मुलगी आहे त्यात."

हिल्डाबाई जागेवर जाऊन बसल्या. गाणं पुन्हा लागलं. या वेळी एकही शिट्टी आली नाही.

शेवटच्या ओळीला बाकीच्या मुली वळल्या. पॉलिन तेवढी वळली नाही. तिनं सरळ समोर बघितलं आणि हात वर केला. पहिल्या रांगेत हिल्डाबाईंचा हात वर गेला. मास्तरांना राहवलं नाही. प्रोजेक्टरशेजारी उभ्या उभ्या त्यांनीही हात उचलला, आणि तो नेमका भिंगापुढे आला.

पडदा काळा झाला. मास्तरांनी चटका बसल्यासारखा हात मागं घेतला, तेव्हा कापसाच्या बर्फात एकटी नायिका उभी होती. हिल्डाबाईंचा हात अजून वरच होता.