भट्टीमास्तर आणि काट्याची शेगडी

त्या दुकानात लोक विस्तव विकत घ्यायला येत आणि विस्तवाचं नाव काढलं की दोन पावलं मागे सरत. भट्टीमास्तरांना हे दारातून आत शिरतानाच कळलं आणि त्यांच्या ओठाचा डावा कोपरा खाली गेला. तो कोपरा खाली गेला की समोरच्याची धडगत नसते, असं त्यांच्या ओतकाम कारखान्यातले जुने लोक अजून सांगतात. चौतीस वर्षं हा माणूस वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिला होता. आणि आता लेक-जावई त्याला शनिवारी सकाळी घेऊन आले होते कुठे, तर अंगणात कोंबडी भाजायची शेगडी निवडायला!

शेगड्या तरी कसल्या! काळ्या चकचकीत, खाली चाकं, वर झाकण, बाजूला ताटल्या ठेवायला फळी. एकीच्या पोटात चक्क दिवा होता.

"हा दिवा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"अंधारात भाजताना दिसावं म्हणून," दुकानातली बाई म्हणाली.

"तुमच्याकडे विस्तव पेटल्यावरही अंधार राहतो का?"

बाई हसली. आजोबा गमतीदार आहेत असं तिला वाटलं. ती हसली याचाही मास्तरांना राग आला.

जावयाला ते मनातल्या मनात चालेलराव म्हणत. लग्न कधी ठेवायचं, तर चालेल. चहात साखर टाकायची राहिली, तरी चालेल. कार्यालयात याच्या मागून आलेला याच्या डोक्यावर साहेब होऊन बसला, तेही चाललं. अकरा वर्षांत या गृहस्थाने 'नाही' म्हटल्याचं मास्तरांच्या कानावर आलं नव्हतं. तोंडावर ते त्याला 'जावईबापू' आणि 'अहो-जाहो' करत. पण त्या 'अहो'त असा काही खडा घालत की साधं अरे-तुरे परवडलं असतं.

उद्या जावयाच्या कार्यालयातली आठ माणसं नव्या घरी जेवायला येणार होती. चालेलरावांना गॅसची शेगडी हवी होती. बटण दाबलं की पेटते, कान पिरगळला की कमी-जास्त होते, आणि झाकणावर काटा असतो, तो आत किती तापलंय ते दाखवतो. लेकीला हवी होती कोळशाची. तिला कोळशाची हौस नव्हती, बापाची होती. "माझे बाबा नुसता हात धरून विस्तव सांगतात," असं तिने सगळ्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

ते खोटंही नव्हतं. कारखान्यात लोखंड ओतण्याआधी साचा तापवून कोरडा करावा लागतो. ओल राहिली तर ओतलेला रस उसळून माणसाच्या अंगावर येतो. मास्तर साच्यावर वीतभर उंच तळहात धरून मोजत. तीनला हात काढावा लागला तर ओता. पाचपर्यंत टिकला तर थांबा. साहेबांनी एकदा काट्याचं यंत्र आणलं, तेव्हा मास्तरांनी नुसत्या हाताने त्या काट्याला दोन वर्षं रोज पाणी पाजलं. शेवटी यंत्र कपाटात गेलं. तेव्हापासून 'काटा' ही त्यांच्या तोंडी शिवी झाली होती. ज्याला स्वतःची अक्कल नाही तो काटा.

आणि ते हात आता मेले होते.

आठ महिन्यांपूर्वी बोटांची टोकं कापसासारखी झाली, मग हळूहळू तळहात. रक्तातली साखर, दुसरं काय. महिन्यापूर्वी त्यांनी चुलीवरचं पातेलं फडक्याशिवाय उचललं आणि हात भाजल्याचं त्यांना कळलं ते वासावरून. लेकीला सांगितलं, दारात बोट सापडलं. खरं सांगण्याची सोयच नव्हती. जिन्यात ते एकदा घसरले होते तेव्हाच तिने बजावलं होतं, "बाबा, आता आणखी काही झालं ना, तर ती तुमची तिसऱ्या मजल्यावरची खोली बंद. सरळ आमच्याकडे." तिच्या घरी कपडे धुवायच्या यंत्राशेजारी एक खोलीवजा जागा होती आणि तिथे तिने पडदाही लावून ठेवला होता. स्वतःची चूल, स्वतःचा चहा, स्वतःचं दार सोडून आयुष्यभर त्या यंत्राची घरघर ऐकत चालेलरावांच्या छपराखाली बसायचं, या कल्पनेनेच मास्तर भरल्या ताटावरून उठत.

म्हणजे खरं पाहता मास्तरांनाच गॅसची शेगडी हवी होती. अगदी जीव तोडून हवी होती. डोळे शाबूत होते, काटा वाचता आला असता. पण हे बोलणार कोणत्या तोंडाने? त्यांनी काट्याला बरं म्हटलं असतं तर लेकीने तिथूनच त्यांना डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून त्यांनी सोपा बेत केला होता. आपण नेहमीसारख्या गॅसला शिव्या घालायच्या, जावयाने एकदा तरी स्वतःचं म्हणणं धरून ठेवायचं, आणि मग आपण कुरकुरत 'घ्या बाबा, तुमचं घर' म्हणायचं.

त्यांनी सुरुवात झोकात केली. "हे काय, विडी पेटवायचं लायटर मोठं करून ठेवलंय! यात माणसाचं काम काय? बटण दाबायचं? ते माकडसुद्धा दाबेल. जावईबापू, तुमची निवड तुम्हाला शोभते."

चालेलरावांनी नेहमीसारखी मान हलवली. "बाबांचं बरोबर आहे. कोळशाचीच घेऊ."



"नाही, म्हणजे..." मास्तर घाईने म्हणाले. "तासभर आधी पेटवावी लागते हं."

"चालेल."

"धूर होतो. पाहुण्यांचे डोळे चुरचुरतील."

"चालेल की."

"राख उडते! तुमच्या त्या नव्या भिंती काळ्या होतील!"

"चालेल हो बाबा. तुम्ही आहात ना."

एवढा संताप त्यांना कारखान्यात साचा फुटला तेव्हाही आला नव्हता. पाच मिनिटं! पाच मिनिटं स्वतःच्या मतावर उभं राहता येत नाही या माणसाला! देवाने याला घडवताना कणा बसवायचा राहून गेला आणि मग घाईत तसाच पाठवून दिला. त्यांना त्या क्षणी जावयाची जेवढी किळस आली तेवढी अकरा वर्षांत आली नव्हती.

लेक मात्र खुशीत होती. "बाबा, यांना दाखवा ना हात धरून!"

दुकानामागच्या मोकळ्या फरशीवर गिऱ्हाइकांना दाखवायला एक कोळशाची शेगडी पेटवून ठेवली होती. भर उन्हात निखाऱ्यांचा रंग दिसत नव्हता, वर नुसती करडी राख. लेकीने फोन काढून समोर धरला. बाईही हात बांधून उभी राहिली.

मास्तरांनी राखेकडे पाहिलं आणि त्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. या बटणवाल्यांना विस्तव काय राखता येणार? मघाशीच विझत आला असणार. सरळ पाचपर्यंत मोजायचं, 'बाई, हा विस्तव नव्हे, ही रक्षा आहे' म्हणायचं आणि निघायचं. हात धरून दाखवा असं पुन्हा कोणी म्हणणार नाही. त्यांच्या ओठाचा कोपरा खाली गेला आणि त्यांनी हात पुढे केला.

"एक."

चालेलरावांनी शिकाऊ माणसासारखा आपलाही हात शेजारी धरला.

"दोन."

"स्स्!" चालेलरावांचा हात झटक्यात मागे गेला.

"तीन," मास्तर म्हणाले. तुच्छतेने म्हणाले. आपला हात वीतभर उंच आहे अशी त्यांची समजूत होती. तो खाली खाली जात चार बोटांवर आला होता, आणि मनगटावरचे पांढरे केस वळायला लागले होते.

"चा—"

"भाजलं! आई गं, पाणी! बाबा, पाणी कुठंय?" चालेलराव असे काही किंचाळले की बाई दचकली. ते मास्तरांच्या अंगावरच कोसळले आणि त्यांचं कोपर धरून त्यांना कोपऱ्यातल्या नळाकडे ओढत घेऊन गेले.

"काय हा बावळटपणा!" मागून लेकीचा आवाज आला.

नळाखाली चालेलरावांनी स्वतःचा हात धरला नाही. मास्तरांचा धरला. तळवा लालबुंद झाला होता. त्यावर त्यांनी अंगठा दाबला.

"कळतंय?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. 

"कधीपासून?"

"आठ महिने." मग अगदी हळू, "तिला सांगणार?"

"सोमवारी सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी एकटा येतो न्यायला. ते काय म्हणतात ते ऐकायचं, आणि मग तिला तुम्हीच सांगायचं."

"मला सवड नाही सोमवारी."

"ते नाही चालायचं, बाबा," जावई म्हणाला. आवाज चढवला नाही, हात सोडला नाही. मग खिशातला रुमाल भिजवून त्याने तो तळव्याभोवती गुंडाळला आणि हात खिशात घालायला लावला.

परत येऊन तो बायकोला म्हणाला, "गॅसचीच घेऊ. मला भीती वाटते गं कोळशाची. बघितलंस ना?"

लेकीच्या ओठाचा डावा कोपरा खाली गेला. मास्तरांनी तो पाहिला. तो त्यांचाच होता. इतकी वर्षं समोरच्याला तो कसा दिसतो, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं, आणि त्यांना लाज वाटली.

गाडीत शेगडीचं खोकं मास्तरांच्या शेजारी मागच्या सीटवर होतं. लेक पुढे बसून घरापर्यंत नवऱ्याची सालटी काढत होती. दोन मोजेपर्यंत हात धरवेना, सगळ्या दुकानासमोर बोंब ठोकली, उद्या पाहुण्यांना काय तोंड दाखवू. जावई गाडी चालवत होता आणि अधूनमधून 'हो गं' म्हणत होता. त्याचा हात धडधाकट होता. त्याला साधा चटकाही बसला नव्हता.

"बाबा, तुम्ही कसे गप्प? एरवी सोडलं असतंत का यांना?"

"पुरे," मास्तर म्हणाले. "त्यांना बोलू नकोस."

 लेकीने सीटवरून वळून बापाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि मग तिची नजर त्यांच्या खिशातल्या हातावर आली.

"बाबा," ती म्हणाली, "हात बघू."

पुढे आरशात जावयाचे डोळे त्यांच्यावर खिळले होते. मास्तरांनी खोक्यावर छापलेल्या काट्याच्या चित्राकडे एकदा पाहिलं आणि हात खिशातून बाहेर काढला.