छपरीतली तरटपट्टी

मी तरटपट्टी बोलतेय. माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. माझ्यावर बसणाऱ्या बाईकडे बघूनही मुरडू नका.

इतवारीच्या बाजारात मी तूरडाळीचं पोतं होते. सक्करदऱ्याच्या बायजाबाईंनी मला उसवलं, दुहेरी करून शिवलं आणि मागच्या छपरीच्या कोपऱ्यात टाकलं. घरातल्या बाईनं पाळीच्या दिवसांत चुलीपासून, देवापासून दूर बसायचं, ते माझ्यावर. बायजाबाई स्वतः बसल्या. त्यांची मुलगी प्रेमिला लग्न होईपर्यंत बसली. सून गोपिका तर वर्षानुवर्षं. ताट लांबून सरकवलं जाई. त्या दिवसांत तिला कोणी काम सांगत नसे, एवढंच काय ते सुख.

पुढं गोपिकाची पाळी गेली आणि मला गुंडाळून आढ्याला अडकवलं. त्याच सुमारास शोभाताई नर्स घरी आल्या.

"तिशीपुढच्या बायांनी दवाखान्यात तपासायला या. गर्भपिशवीच्या तोंडावर लाकडी काडी फिरवतो अन् काचेवर लावून दुर्बिणीतून पाहतो. तपासणी लागलीच होते."

"मले का झालं?" गोपिका हसली. "धडधाकट हावो मी."

"धडधाकट आहात तोवरच यायचं असते, बाई. अन् मधून मधून येत राहायचं."

"दुखत नाही, खुपत नाही, अन् उगाच कोणापुढं उघडं पडायचं?" बायजाबाईंनी विषय संपवला.

गोपिकाची मुलगी सुमती कॉलेजात शिकत होती. ती भडकली. "आजी, तू नको जाऊस. आईले काहून अडवते?"

"दोन पुस्तकं वाचली त मलेच शिकवून राहिली!"

पुढच्या वर्षी गोपिकाला रक्त जाऊ लागलं. बायजाबाईंनी मला आढ्यावरून काढलं. "परत सुरू झालं वं? जवान होऊन राहिली काय म्हातारपणी?" सगळ्या हसल्या. गोपिकाही.

मी पाळीचं रक्त ओळखते. हे ते नव्हतं. त्याला कुजका वास होता. पण तरटाला कोण विचारतं? या घरात शिकलेल्या पोरीला विचारत नव्हते.

"ही पाळी नाही, आजी. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला पायजे."

"बाहेरची बाई अशीच नेतात काय? थांबू दे. डोक्यावरून पाणी घेतलं का नेऊ."

गोपिका मान डोलवायची. रक्त थांबायचं, ती न्हायची, आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा माझ्यावर येऊन बसायची. रक्त नाही तेव्हा जायचं कशाला, रक्त आहे तेव्हा जायचं कसं? या घराच्या पंचांगात दवाखान्याचा दिवसच नव्हता. तिचे वडीलधारे वाट बघत राहिले आणि ती माझ्यावर वाळत गेली.

शेवटी सुमतीनंच तिला उचलून रिक्षात घातलं. परतली ती एकटी. आईला दाखल करून घेतलं होतं.

"पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर हाये, पसरला म्हणतात. शोभाताई आल्या तेव्हा गेलो असतो, तर बहुतेक वाचली असती."

"कोणत्या जन्माचं पाप गा हे," बायजाबाई मुलाकडे, महादेवरावांकडे बघून रडल्या.

"पाप नाही, आजी. एक विषाणू असतो, असं आता डॉक्टर म्हणू लागलेत. शरीरसंबंधातून लागतो. बाईले बहुधा नवऱ्याकडूनच येतो. मंग वर्षानुवर्षं गुमसुम राहतो. म्हणून काही दुखायच्या आधी तपासायचं."

महादेवरावांनी चपला घातल्या आणि ते बाहेर निघून गेले.

गोपिकानं दवाखान्यातच प्राण सोडला. मला कोणी जाळलं नाही, फेकलं नाही. धुऊन ठेवलं.

आज तिची तेरवी. माहेरी आलेली प्रेमिला सुमतीला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरी, मलेही मधातच रक्त जाते वं. पाळी नसली तरी."

"आत्या, चल. मी रिक्षा आणतो."

बायजाबाईंनी ऐकलं. रडून सुजलेले डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाहेरची हायस? मंग पंगतीत काहून फिरून राहिली? जा, छपरीत बस."

पोटच्या मुलीला म्हणाल्या. ज्या तोंडानं सुनेला अडवलं, त्याच तोंडानं.

प्रेमिलानं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि ती माझ्यावर येऊन बसली. गुडघ्यांत डोकं घालून.

प्रेमिला, माझी ऊब खोटी आहे. मी तुझ्या वहिनीलाही असंच जपलं होतं. फाटकाशी सुमती हाका मारतेय, रिक्षा उभी आहे. रक्त थांबायची वाट बघू नकोस. आईला काय म्हणायचं ते म्हणू दे. ऊठ गं. अशीच्या अशी ऊठ.