तारेतून येणारी हाक

मी सुताराच्या मागच्या खोलीतली पांढरी डबी बोलतेय. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये मला खोचलंय आणि माझ्यावर एक दिवा जोडलाय. मला वेगळी वायर लागत नाही. घरातल्या विजेच्या तारांतूनच निरोप येतो, पेटव!

निरोप धाडायची सुताराची बायको. आजारपणात तिचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचाही गेली. पुढच्या खोलीत ती अंथरुणावर आणि इथे हा करवतीच्या खडखडाटात. वायरिंगची कामं करणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीनं मला आणलं, माझ्या जोडीचं बटण ताईच्या उशाशी सॉकेटला जोडून ठेवलं. बटण दाबलं की मी दिवा लावायची आणि हा रंधा टाकून धावायचा. कधी पाणी हवं असायचं, कधी नुसताच हा हवा असायचा.

मग निरोप क्षीण झाले. मी कान टवकारून बसायची, तर तारेत नुसती खरखर. दिवसातून दहादा लागणारा दिवा आठवड्यातून दोनदाही लागेना.

सुतारानं कुणाला विचारलं नाही. माणसं विचारत नाहीत, मनात धरून बसतात. एकदा तासता तासता लाकडालाच म्हणाला, "बरंय. हिला आता माझी गरज उरली नाही."

एका दुपारी मेहुणी तरातरा आत आली. "भाऊजी, बटण दाबून दाबून ताईचा अंगठा सुजलाय!"

"मला वाटलं, ती बोलवतच नाही."

"आणि ती रडतेय, तुम्ही येतच नाही म्हणून!"

मेहुणीनं ताईला बटण दाबत राहायला सांगितलं आणि घरातला एकेक प्लग काढत सुटली. फ्रिज, पंखा, मिक्सर. सुतार माझ्यासमोर उभा राहून ओरडत होता, "नाही... अजून नाही..." शेवटी तिनं उशाजवळचा मोबाइलचा चार्जर उपटला आणि मी लख्ख दिवा लावला.

"हाच तो चोर! सगळा सिग्नल गिळत होता."

चार्जर त्यानंच तिथे लावला होता. तो पुढच्या खोलीत गेला. बऱ्याच वेळानं इकडे परत आला, तो टेबल, रंधा, पटाशी उचलून न्यायला. तेव्हापासून तो तिच्या अंथरुणाशेजारीच काम करतो.

भलं झालं. पण माझी सवय जात नाही. भुशात माखून मी अजून तारेला कान लावून असते.

मला इथून काढा. जिथे कुणी आत पडून आहे आणि कुणी बाहेर राबतंय, अशा घरात न्या. आणि दिवा लागला नाही, तर रुसू नका हो. उठा, आत जाऊन बघा.