ओल्या केसांतला कंगवा

"...त्यांच्याकडचे केस सरळ होणार म्हणे! पार्लरमध्ये वेळसुद्धा घेतलीय, आणि कुणी घेतलीय ठाऊक आहे का, त्या..."

शेजारणीचं पुढचं बोलणं लिफ्टच्या दाराने गिळलं. मी बाथरूमच्या खिडकीत पडून सगळं ऐकत होतो; गोष्ट आमच्याच घराची, तरी नाव काही हाती लागलं नाही.

मी एक लाकडी कंगवा, रुंद दातांचा. प्रत्येक गुंत्यात नाक खुपसायची मला जन्मजात खोड.

आईने मला आणलं तेव्हा लेक पहिलीत होती. कुरळ्या केसांवरून शाळेत तिला 'झाडू' म्हणायचे. एकदा कात्री घेऊन कोपऱ्यात बसलेली सापडली. आईने कात्री काढून घेतली, स्वतःचा अंबाडा सोडला. "बघ गं, माझेही तसलेच. आपण दोघी एका पार्टीतल्या!"

तेव्हापासून दर रविवारी आमची बैठक. केस ओले असतानाच कंडिशनर लावायचं, मग टोकापासून विंचरत वर जायचं. मुळापासून ओढलं की पिंजारलेच समजा. टॉवेलने खसाखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती टी-शर्टात गुंडाळायचे. तेवढ्यात लेक वर्गातल्या साऱ्या चहाड्या सांगून टाकायची.

म्हणून लिफ्टमधलं ऐकून वाटलं, वेळ लेकीनेच घेतली असणार; माझा राग तिच्यावरच. आठवीत गेली, शिंगं फुटली!

शनिवारी आई डोक्याला स्कार्फ बांधून घरी आली. लेकीने तो ओढला. पुढचे केस इस्त्री फिरवल्यासारखे सपाट!

"आपण एका पार्टीतल्या ना गं?"

"अगं, नवे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, रिसेप्शनवर जरा नीट दिसत जा."

"म्हणजे माझे नीट नाहीत?"

आईने मागची एक बट पुढे ओढून दाखवली. मग हळूच म्हणाली, "तुझी आठवण आली, म्हणून अर्ध्यातून उठले. मागचे तसेच आहेत."

लेकीने मला ड्रॉवरमध्ये टॉर्चच्या संपलेल्या सेलवर आपटलं. माझा एक दात गेला. केलं कुणी आणि भोगलं कुणी!

बाबांनो, केसांचं हवं ते करा. पण लेकराला 'आपण दोघी' म्हणाला असाल, तर आधी त्याला विचारा.

रविवारी ड्रॉवर उघडला. लेकीने आईला स्टुलावर बसवलं, मागचे केस ओले केले आणि मला टोकापासून वर नेलं. चहाडी नाही, चकार शब्द नाही.

"आणि पुढचे?" आईने विचारलं.

"ते तुझ्या साहेबांकडून विंचरून घे."

लिफ्टमधली बातमी खरी निघाली, पण पुढच्या केसांपुरतीच. मागच्या बटा अजून वेटोळ्याच आहेत. त्यांच्यात मी एका दाताने कमी, लेक कधी बोलतेय याची वाट बघत फिरतोय.