भाडेकरूची तेरवी

“काकू, चेहरा कोरा ठेवा. रडायचं नाई, हसायचं नाई. तुमचा भाडेकरू मेला, बस,” निकेश म्हणाला.

“कशानं मेला?” सुमित्राबाईंनी विचारलं.

“आपल्या हवेतल्या ऑक्सिजननं.”

“जास्त झाला?”

“हो. त्याले सोसत नाई तो.”

सुमित्राबाईंचा चेहरा कोराच राहिला. निकेशला तो फार आवडला.

सिंदी रेल्वे गावातल्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या होत्या. निकेश तिथलाच विद्यार्थी. आता तो सिनेमा काढत होता. परग्रहावरचा एक जण सिंदीत खोली घेऊन राहतो आणि मरतो. घरमालकीण त्याची तेरवी करायला निघते, तर वॉर्डात भांडण: तेरावा दिवस कोणत्या ग्रहाचा धरायचा? त्याचा एक दिवस म्हणजे आपले सात महिने.

“तेरा साते एक्याण्णव महिने,” सुमित्राबाईंनी पटकथा ऐकतानाच सांगितलं होतं. “तोवर वडे टिकत नाई. आपलाच दिवस धर.”

निकेशनं ते वाक्य सिनेमात घातलं. त्यांनी अट मात्र एकच घातली: ताट खोटं नको, स्वयंपाक मी करीन.

कारण निकेशला ठाऊक नव्हतं. २०२१च्या मे महिन्यात सुमित्राबाईंचे यजमान पुंडलिकराव दवाखान्यात गेले. ऑक्सिजनचं सिलिंडर येणार होतं, आलं नाही. पांढऱ्या पीपीई किटमधल्या चौघांनी त्यांना परस्पर नेलं, अग्नीही त्यांनीच दिला. तेराव्या दिवशी टाळेबंदी होती. पुढे नातेवाईक म्हणाले, आता कुठं, वेळ गेली. सुमित्राबाईंना ते पटलं नव्हतं. राहिलेलं काम राहिलेलंच असतं.

पहाटेपासून त्यांनी वडे, कढी, वांग्याची भाजी, वरणभात केला. दिवस कलताना अंगणात शूटिंगचे दिवे लागले. मेलेल्या भाडेकरूचं काम करणारा गजेंद्र चंदेरी रंग फासलेलं जुनं पीपीई किट घालून कडुनिंबाखाली बिस्कीट खात होता.

“अॅक्शन.”

सुमित्राबाईंनी पत्रावळ कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, तांब्यातलं पाणी भोवती फिरवलं, हात जोडले.

“या जी. जेवून घ्या.”

“कट. काकू, नाव राह्यलं. ‘ये रे झ-सातशे’ म्हणा.”

दुसऱ्यांदाही त्या “या जी”च म्हणाल्या. तिसऱ्यांदाही.

“काऊन घेत नाई नाव?” निकेश कातावला.

“घरच्या माणसाचं नाव घेत नाई मी.”

“अवो, भाडेकरू हाये तो.”

“तुह्या पिच्चरमंदी.”

निकेशनं त्यांच्याकडे पाहिलं, मग गजेंद्रच्या किटकडे.

“काकांची... झाली नव्हती?”

“राह्यली होती. तुहं काम बी होऊन राह्यलं, माह्यं बी. त्यात बिघडलं काय?”

“नाई, काकू. या जीच राहू द्या. पण उजेड चालला. कावळा आमी मागून कम्प्युटरवर टाकू. पॅकअप करून जेवून घेऊ.”

“तू टाक तुहा. मी खरा पाहीन. त्यानं शिवल्याबिगर कोणी जेवत नसते.”

“आन् नाईच आला तं?”

“तं बसू.”

सकाळपासून कोणी नीट खाल्लं नव्हतं. कॅमेरावाल्याला रात्री नागपूरला परतायचं होतं. त्यानं निकेशकडे पाहिलं. निकेशनं दिवे बंद करायला सांगितले, चपला काढल्या आणि घराच्या भिंतीलगत मांडी घालून बसला. मग एकेक जण येऊन बसला. अठरा माणसं झाली. गजेंद्रनं डोक्यावरची टोपी मागे सारली, हातमोजे काढून मांडीवर ठेवले.

सुमित्राबाई पंगतीतून वाढत गेल्या. भात, वरण, प्रत्येकाला दोन वडे. शेवटच्या पानाशी पोचल्या तेव्हा कढीवर साय धरली होती.

कोणी पानाला हात लावला नाही. सगळे कुंपणावरच्या पत्रावळीकडे पाहत होते.