दारासमोरची निळी चौकट

लेफ्तेरिस पापास अर्धांगवायूने खुर्चीला खिळला, तेव्हा घराचा एकच फायदा झाला. महापालिकेने दारासमोर रस्त्यावर अपंगांच्या गाडीसाठी निळी चौकट आखून दिली आणि गाडीच्या काचेवर लावायला निळं कार्ड दिलं. रिचमंडच्या त्या एकेरी गल्लीत शनिवार-रविवारी मॅचला आलेलं अर्धं मेलबर्न जागा हुंगत फिरतं. शेजारी लेफ्तेरिसच्या तब्येतीची चौकशी करत, तीही चौकटीकडे बघत.

चौकट नव्हती तेव्हा मुलगा आरिस्तोस शहराच्या पार टोकाहून तासभर गाडी हाकत यायचा आणि कोपऱ्यावरून फोन करायचा. "आई, जागाच नाही गं. दारात ये." चालत्या गाडीच्या खिडकीतून तो पालकाच्या पाईचा डबा घ्यायचा, मागचा हॉर्न मारायचा, भेट संपायची. चौकट आली आणि चार वर्षं त्याने एक रविवार चुकवला नाही. बापाला नदीवर फिरवून आणायचा, त्याची दाढी करायचा, जेवायचा आणि सोफ्यावर घोरायचा. त्याच्या आईला, एव्डोकियाबाईंना, ते घोरणं फार आवडे.

लेफ्तेरिस गेला. चाळिसाव्या दिवसाचा विधी आटोपतो न आटोपतो तोच महापालिकेचं पत्र आलं. त्यात एक वाक्य सहवेदनेचं होतं, अकरा वाक्यं कार्डाची. बाईंनी कार्ड परत केलं. गेलेल्या माणसाच्या नावावर रस्ता अडवायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. मंगळवारी दोघे येऊन निळा रंग खरवडून गेले. खांबावर नवी पाटी लागली : दोन तास, कोणीही.

बाईंना मात्र एक प्रश्न छळू लागला, आणि तो कुणाला विचारण्यासारखा नव्हता. पोरगा येत होता तो माणसांसाठी, की जागा होती म्हणून?

रविवारी दहाला दारासमोरची गाडी निघाली. बाईंनी लगेच स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या आणून रस्त्यावर मांडल्या. पार्किंगचा इन्स्पेक्टर आला.

"आजी, खुर्च्या ठेवून जागा अडवता येत नाही."

"माणूस ठेवला तर?"

त्याने हातातल्या यंत्राकडे पाहिलं. "मी हा रस्ता उतरून परत येईपर्यंत खुर्च्या उचला. माणसाचं मला विचारू नका."

खुर्च्या आत गेल्या, बाई उभ्या राहिल्या.

एक धिप्पाड गाडी नाकाशी येऊन थांबली. "मावशी, सरका की जरा."

"मुलगा यायचाय माझा."

"माझा आलेलाच आहे! मागे बसलाय, शू लागलीय त्याला."

"मग त्याला आत ने. उजव्या हाताला संडास. गाडी पुढे काढ."

गाडीवाली गुरगुरतच निघून गेली. साडेबारा झाले. घरात फोन वाजायला लागला.

शेजारच्या थुयने शिवणाच्या मशीनवरून खिडकीबाहेर डोकं काढलं. "बाई, फोन!"

"ऐकू येतंय मला."

"मग घ्या ना!"

"घ्यायला गेले तर जागा जाईल."

"आणि नाही घेतलात तर पोरगा जाईल!"

गळ्यात टेप तशीच ठेवून थुय बाईंच्या घरात पळाली. बाहेर आली ती टेपशी चाळा करत.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, गल्लीत चार फेऱ्या मारल्या, कुठे तसूभर जागा नाही."

"जागा धरलीय म्हणून नाही सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाला, आता हायवेला लागलो. पुढच्या रविवारी बघतो."

अडीच तास बाई या एकेरी गल्लीत उभ्या होत्या. मुलाची गाडी एकदाही समोरून गेली नव्हती. सकाळपासून खिडकीशी बसलेल्या थुयनेही ती पाहिली नव्हती.

"गर्दीत दिसली नसेल," थुय म्हणाली.

"हो. माझी नजर कमी झालीय हल्ली."

एक लाल गाडी हळूच येऊन थांबली. आतल्या तरुण जोडप्याने खूण करून विचारलं, लावू का? बाई फुटपाथवर चढल्या आणि हाताने दाखवू लागल्या : अजून मागे घ्या, अजून, बस.

"थँक्यू, आजी! दोनच तास ना इथे?"

"दोनच," बाई म्हणाल्या. "पण तेवढ्यात जेवून होतं."