उन्हाळाभर ताणलेलं धनुष्य

मी एक जुनं लाकडी धनुष्य आहे आणि मित्रांनो, माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. तुम्ही आत्ता प्रेमाने ऐकायला बसला आहात, तरी माझं लक्ष तुमच्या हातांकडेच आहे. राग मानू नका. माझी गोष्ट ऐकलीत, तर तुम्हालाही माझं पटेल.

मूळचा मी तुतीचा ओंडका. एका सुताराने मला उभं चिरलं आणि आपल्या कारखान्याच्या माळ्यावर वाळत टाकलं. खाली खुर्च्या झाल्या, कपाटं झाली, दारं झाली. मला कोणी हात लावेना. विसरला वाटतं हा, असं म्हणून मी गप्प पडून राहिलो. मग एक दिवस त्याची धाकटी बहीण आली. ती शाळेत खेळ शिकवायची आणि सगळे तिला ताई म्हणायचे. शिडीवरून पडून तिचा उजवा खांदा दुखावला होता. जुनं धनुष्य तिला आता ओढवत नव्हतं.

"डॉक्टर म्हणतात, हलकं काहीतरी घ्या, नाहीतर तिरंदाजी सोडा," ती म्हणाली. "दादा, सोडायचं म्हटलं की जीव नुसता कासावीस होतो रे."

"सोडायची कशाला? मी आहे ना," दादा म्हणाला आणि त्याने वर माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला मुळीच आवडलं नाही.

झालं! त्याने मला तासलं, रंधा मारला, दोन्ही टोकांना दोरीसाठी खाचा पाडल्या. मग भिंतीवरच्या खुंटीत माझी मधली मूठ अडकवून तो दोरी हळूहळू खाली ओढू लागला आणि डोळे बारीक करून बघू लागला. मुठीच्या दोन बाजू म्हणजे माझे हात; त्यातला एक छान वाकत होता, दुसरा ताठच होता. जिथे ताठ, तिथे तो पेन्सिलीने खूण करायचा आणि काचेच्या तुकड्याने माझं पोट, म्हणजे दोरीकडची बाजू, खरवडायचा. पुन्हा ओढायचा, पुन्हा खरवडायचा. खाली भुशाचा ढीग वाढत होता. हा मला संपवूनच थांबणार, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"बघ बरं आता," तो ताईला म्हणायचा.

ताई ओढायची, खांदा धरायची आणि म्हणायची, "अजून जरासं."

जरासं, जरासं करत मी पार रोडावलो!

एकदा त्याने माझ्या मुठीवर आपली मूठ टेकवली आणि अंगठा उभा केला. ठोसा मारतो की काय, असं मला वाटलं. पण तो माप घेत होता. अंगठ्याचं टोक दोरीला नुसतं टेकायला हवं होतं, आणि ते तर दोरीच्या पलीकडे गेलं.

"दोरी फार जवळ आलीय. सुटताना फटका बसेल तुझ्या हाताला," तो म्हणाला. त्याने दोरी उतरवली, पीळ देऊन आखूड केली आणि परत चढवली. बाण कुठे लावायचा ते कळावं म्हणून दोरीवर दोऱ्याची गाठ बांधली. बाण गवताच्या गठ्ठ्यात शेपूट वर करून रुतायला लागला, तेव्हा ती गाठ थोडी खाली घेतली. मुठीवर मऊ चामडं गुंडाळलं. इतके लाड? मला तर जास्तच संशय आला.

मग ताईने बाण सोडला. हाताला झटका नाही, दोरीचा टणत्कार नाही. बाण सरळ जाऊन रुतला.

"दुखलं?" दादाने विचारलं.

"नाही रे दादा! अजिबात नाही!" असं म्हणत ती हसता हसता रडायलाच लागली. मी मात्र अंग चोरलं, कारण लाकडावर पाणी पडलेलं चांगलं नसतं.

त्यानंतर ती रोज मला घेऊन मैदानावर जायची. पण सराव संपला रे संपला, की माझी दोरी उतरवून मला कापडात गुंडाळायची. मला ते फार लागायचं. हिला काय वाटतं, मी पळून जाईन?

एका उन्हाळ्यात ताई मुलांचं शिबिर घ्यायला परगावी गेली. मला नेता येणार नव्हतं, म्हणून तिने दादाकडे ठेवलं. नेमकं दादा-वहिनींनाही कामासाठी बाहेरगावी जावं लागलं आणि घर राखायला वहिनीचा भाऊ आला. तो दुकानांच्या दर्शनी काचांमागे सजावट करायचा. त्याने मला कापडातून काढलं आणि नाक मुरडलं.

"अरे, ही तर नुसती काठी दिसते!"

त्याने जोर लावून माझी दोरी चढवली, मला तेल चोळलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीसमोर, भिंतीवर टांगलं. येणारे-जाणारे थांबून म्हणायचे, "वा, काय रुबाब आहे!" काय सांगू मित्रांनो, मी फुलून गेलो. खरवडणारा नाही, दोरी काढून घेणारी नाही, नुसतं कौतुक. सगळ्या जन्मात मी एकाच माणसावर संशय घेतला नाही, तो हा. ऊन अंगावर येत राहिलं आणि मी ताणलेलाच राहिलो.

सगळे परत आले, तेव्हा ताईने मला पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने दोरी काढली. मी सरळ झालोच नाही; सतत वाकून माझा जोरच गेला होता.

"कोणी टांगलं याला असं?" दादा ओरडला.

"छान दिसत होतं ना पण, भाऊजी," मेहुणा म्हणाला.

"छान? तुला उन्हाळाभर एका पायावर उभा करतो, मग बघू किती छान दिसतोस!"

ताई मला मैदानावर घेऊन गेली. तिने बाण सोडला. तो गठ्ठ्याच्या अलीकडेच धुळीत पडला. दादा तिच्या मागे येऊन उभा होता.

"दुसरं करतो," तो म्हणाला. "पण लाकूड वाळायला वेळ लागेल गं. फार वेळ."

आता ही मला टाकणार, हे मी ओळखलं. इतक्या शंका घेतल्या, पण एवढा घाबरलो कधीच नव्हतो.

ताईने आपला दुखरा खांदा चोळला. "माझी ताकद गेली तेव्हा तू मला म्हणालास का, की दुसरी बहीण आणतो?" ती म्हणाली. "गठ्ठा पुढे ओढ, दादा. आम्ही दोघं जवळून मारू."

दादाने गठ्ठा पुढे ओढला. बाण रुतला. मग तिने माझी दोरी उतरवली, आणि त्या दिवशी मला ते पहिल्यांदा गोड लागलं.

म्हणून हात जोडून सांगतो, मित्रांनो, काम झालं की आमची दोरी उतरवत जा. घरातलं कोणी सारखं ताणलेलं दिसलं, तर त्यालाही जरा बसू द्या. आणि आता मला परत कापडात गुंडाळून ठेवा बघू. हो, हो, हळू! माझं लक्ष आहे.